फ्लॉवरचा भात

"उतर खाली आणि परत चढ," जगदाळे बाई म्हणाल्या.

"बाई, तिसऱ्यांदा?"

"काटा काय तुझा दीर आहे लाजायला? चढ."

मी शाल काढली. चपला आधीच काढल्या होत्या. हातातल्या बांगड्याही काढून बाईंच्या ओंजळीत ठेवल्या आणि श्वास रोखून काट्यावर उभी राहिले. त्र्याहत्तर किलो नऊशे ग्रॅम. गेल्या रविवारी त्र्याहत्तर चारशे होतं. त्याच्या आधीच्या रविवारी त्र्याहत्तर सहाशे.

"श्वास सोड. त्यानं काही होत नाही," बाई म्हणाल्या. मग बराच वेळ गप्प राहिल्या. आमच्या आळीतली, शाळेत छत्तीस वर्षं पीटी शिकवलेली ही बाई गप्प बसली की जास्त भीती वाटते.

"तीन आठवडे झाले, वैजू. रोज गड चढतीयस. माझ्या डोळ्यांदेखत चढतीयस. गडही चढायचा आणि काटाही चढायचा, असं होत नसतं. घरात चोर आहे."

"मीच असेन," मी म्हटलं.

"काय खाल्लंस?"

"रेवाच्या ताटलीतलं. परवा. दोन घास वरणभात उरला होता."

"दोन घासांनी अर्धा किलो वाढत नाही. घरी जा आणि नीट शोध."

काटा बाईंच्याच पडवीत असायचा. आधी तो माझ्या घरी होता. मी दिवसातून चारदा चढते हे कळल्यावर एके दिवशी बाई आल्या आणि काखेत मारून घेऊन गेल्या. "वजन रविवारी. बाकीचे सहा दिवस फक्त पाय," असं त्यांनी दारातच बजावलं होतं. तेव्हापासून रोज पहाटे साडेपाचला अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी त्या शिट्टी गळ्यात अडकवून उभ्या असायच्या आणि माझ्या मागोमाग चढायच्या. मी वळणावर थांबले की शिट्टी. दरवाज्याशी पोचून कमरेवर हात ठेवला की पुन्हा शिट्टी. गडावर फिरायला येणारी माणसं हसायची. एक आजोबा तर म्हणाले होते, "बाई, भरतीला पाठवताय का पोरीला?"

भरती नव्हती. पण परीक्षा होती.

आप्पांचं यकृत निकामी होत चाललं होतं. आप्पा म्हणजे माझे वडील. कोरेगावचे दत्तू आचारी. लग्नाच्या पंगती, बारशी, जावळं, चाळीस वर्षं भट्टीपुढं गेलेली. दारूचा थेंब कधी ओठाला लावला नाही, तरी पोटात पाणी झालं म्हटल्यावर गावात लोक एकमेकांकडं बघून हसले. "आचारी म्हटल्यावर घेत असणारच की." पुण्याच्या डॉक्टरबाईंनी मात्र सरळ सांगितलं, की दारूच लागते असं नाही. साखर, तूप, मैदा, वर्षानुवर्षं चाखलेला पाक, त्यानंही यकृतात चरबी साठते आणि मग ते सुकत जातं. आता नवीन यकृतच हवं. घरातल्या कुणी आपल्या यकृताचा तुकडा दिला तर दोघांचंही पुन्हा वाढतं. मी एकुलती एक. रक्तगट जुळला. वाटलं, झालं काम.

मग माझी तपासणी झाली. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुमच्या वडिलांचं यकृत ज्या रस्त्यानं गेलं ना, त्या रस्त्याच्या पहिल्या वळणावर तुम्ही उभ्या आहात. चरबीचं यकृत मी घेऊ शकत नाही. त्यांनाही धोका, तुम्हालाही."

"किती दिवस आहेत?"

"तीन महिने. ते त्याहून जास्त थांबू शकतील असं मला वाटत नाही. अठ्ठ्याहत्तरवर आहात, सत्तरपर्यंत या. भात, पोळी, भाकरी, साखर, बटाटा, साबुदाणा, सगळं बंद. अंडी, पनीर, मासे, पालेभाज्या, मूठभर दाणे. आणि घाम येईपर्यंत चालायचं. रोज."

आठ किलो, बारा आठवडे. मी घरी ब्लाऊज शिवते, मापं हा माझा धंदा. सगळ्या बायकांच्या कमरा मी टेपनं मोजते, पण स्वतःची कमर रेवाच्या बाळंतपणानंतर मोजली नव्हती. त्या संध्याकाळी मोजली आणि आकडा भिंतीवर, शिलाई मशीनच्या वर, खडूनं लिहून ठेवला.

पहिले पाच आठवडे माझं मलाच नवल वाटलं. तोंडाला फेस यायचा, पोटऱ्या दगड व्हायच्या, दुपारी चारला डोळ्यांपुढं नुसती भाकरी दिसायची. गरम, फुगलेली, पापुद्रा सुटलेली. पण आकडा उतरत होता. साडेचार किलो गेले. खडूचा आकडा चारदा पुसून बदलला. गिऱ्हाइकं म्हणायला लागली, "अगंबाई, आमचे ब्लाऊज शिवता शिवता स्वतःचेच आवळून घ्यावे लागतील तुला."

आणि मग आप्पा राहायला आले.

त्यांना आणणं सोपं नव्हतं. आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही. आप्पांनी ते चार वर्षं कडक पाळलं. कोरेगावच्या एसटीनं यायचे, पिशवीत माझ्यासाठी डबा आणि स्वतःसाठी पाण्याची बाटली. रेवाच्या बारशाला पहिल्यांदा त्यांनी माझ्या घरचं पाणी घेतलं. सगळ्यांसमोर, तांब्याभर, एका दमात. त्यानंतर पुढं केलं की घ्यायचे. मागितलं मात्र कधीच नाही. घसा कोरडा पडला तरी नजर माठावर जायची, तोंड उघडायचं नाही.

प्रशांत, माझे मिस्टर, त्यांना आणायला गेले तेव्हा आप्पांनी एकच अट घातली. "जावईबापू, बसून खाणार नाही. स्वयंपाक माझा."

"आप्पा, तुमची तब्येत बघा," प्रशांत म्हणाले.

"तब्येतीला काय झालंय? हात शाबूत आहेत. वैजूचं ते पथ्याचं काय असतं ते मी करीन. तिला शिवण आहे, पोर आहे, डोंगर चढायचाय. तेवढा तरी भार माझ्यावर टाका."

मला रडूच आलं होतं ते ऐकून. आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. साध्या पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन. "दोन दिवसांत येते," म्हणून ती आत गेली आणि आली नाही. त्यानंतर मी आप्पांबरोबर लग्नघरांच्या मागच्या अंगणांत वाढले. काहिलीच्या धुरात अभ्यास केला. एकदा पाटणजवळच्या एका लग्नात मुलीच्या काकांनी हळूच सांगितलं होतं, "तुपात निम्मा डालडा सोड, कुणाला कळतंय." आप्पांनी कमरेचा पंचा सोडला, खांद्यावर टाकला आणि पेटलेली भट्टी सोडून चालायला लागले. मी मागून झारा घेऊन पळतीय. "आप्पा, जेवण?" "खोटं वाढायचं असेल तर त्यांचं ते वाढतील. आपल्या हातानं नाही." शेवटी मुलीचा बाप धावत आला, हात जोडले, तेव्हा परत फिरले.

तर असे आप्पा माझ्या ओट्यापाशी स्टुलावर बसून माझ्यासाठी फ्लॉवर किसायला लागले.

पोट फुगलेलं, पाय सुजलेले, पण हात तोच. फ्लॉवर बारीक किसायचा, भिजवून पिळायचा, तुपात जिरं-मिरचीवर परतायचा. वर कोथिंबीर. पहिल्या दिवशी घास घेतला आणि मी डोळेच मिटले.

"आप्पा! हा अगदी भातासारखा लागतोय!"

"हं."

"मी करते तेव्हा नुसता फ्लॉवर लागतो."

"पाणी काढता येत नाही तुला. खा."

रोज दुपारी ताटलीभर. अंड्याची पोळीही त्यांच्या हातची अशी मऊ व्हायची की घडी घातली तरी मोडायची नाही. पाच आठवडे भुकेशी भांडून दमलेल्या जिवाला वाटलं, आता सोपं झालं. जेवून उठताना पोट भरल्यासारखं वाटायचं.

आणि आप्पा आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारपासून काटा थबकला.

मी काय काय केलं नाही! सकाळचा गड दोनदा चढायला लागले. रेवाला कडेवर घेऊन यवतेश्वरच्या घाटात चालून आले. रात्रीचं जेवण सोडलं. रेवाच्या ताटलीतलं उरलेलं खाते म्हणून स्वतःला शिव्या दिल्या, मग तिची ताटली मी उचलायचीच बंद केली. भिंतीवरचा खडूचा आकडा तीन आठवडे तसाच. मशीनवर बसले की समोर तोच. एकदा कंटाळून मी त्याच्यावर कॅलेंडर टांगलं.

"होतं असं कधी कधी," आप्पा म्हणाले. त्यांनी कॅलेंडर टांगताना बघितलं होतं. "शरीराचा एक हट्ट असतो, वैजू. नसेल त्याच्या मनात तर नाही होत."

"होणार, आप्पा. न होऊन सांगतंय कुणाला."

"आणि नाहीच झालं तर? तू काय कमी केलंस? कुणी बोट दाखवणार नाही तुला."

मला वाटलं, बाप लेकीची समजूत घालतोय.

जगदाळे बाईंच्या पडवीतून त्या रविवारी मी घरी आले तेव्हा बारा आठवड्यांतले आठ संपले होते. चार आठवडे, चार किलो. जिना चढताना पाय भरून आले होते, गडावर कधी आले नव्हते तेवढे. घरात प्रशांत पेपर वाचत होते, आप्पा ओट्यापाशी.

"जावईबापू, कणी संपत आलीय," आप्पा आतून म्हणाले. "येताना किलोभर आणा."

"परवाच आणली की, आप्पा."

"रेवाच्या पेजेला लागते."

कणी म्हणजे तांदळाची चुरी. रेवाला सकाळी तिची पेज असायची. अडीच वर्षांची पोर, वाटीतली निम्मी पेज फरशीला पाजायची. मी ते ऐकलं, आणि ऐकून सोडून दिलं.

जेवायला बसलो. रेवाच्या पुढं वरणभात, माझ्यापुढं फ्लॉवर, अंडं आणि काकडी. रेवाला फ्लॉवर डोळ्यांपुढं नको असायचा. भाजीतला एवढासा तुरा जिभेवर आला तरी 'थू' करून माझ्या हातावर ठेवायची. त्या दिवशी मात्र ती सरकत सरकत माझ्या मांडीवर आली आणि माझ्या ताटलीत हात घातला. एक घास. दुसरा घास.

"अहो, बघा!" मी प्रशांतना म्हटलं. "फ्लॉवर खातेय!"

"आजोबांच्या हाताची चव," ते हसले.

"आवडला फ्लॉवर, रेवा?"

"भात," रेवा म्हणाली.

"भात नाही गं. फ्लॉवर आहे."

"भा-त!" माझ्या अडाणीपणाची तिला कीव आली असावी. तिनं ताटलीत दोन बोटं घालून चिमटीत काहीतरी धरलं आणि माझ्या नाकासमोर आणलं. "हा बघ भात."

तिच्या चिमटीत एक शीत होतं. अर्धं, तुटकं, पांढरं. फ्लॉवरचा कण दाबला की चुरा होतो. मी ते बोटांत घेऊन दाबलं. ते चिकटलं.

मी वर बघितलं. आप्पा आमच्याकडं पाठ करून गॅसपाशी बसले होते. एरवी रेवाचं बोलणं ऐकून ते लगेच वळायचे. त्या दिवशी वळले नाहीत.

प्रशांतनी माझ्याकडं बघितलं, आप्पांच्या पाठीकडं बघितलं. मग रेवाला उचललं. "चला, आपण गच्चीवर चिमण्या बघू." तिचं हात-तोंडही पुसलं नाही.

मी उठून मांडणीवरचा डबा काढला. परवा आणलेल्या किलोभर कणीतली तळाला मूठभर राहिली होती. शेजारी कणकेचा डबा. तोही खाली गेलेला. अंड्याच्या पोळीची घडी का मोडत नव्हती, ते आता कळलं.

"किती दिवस, आप्पा?"

त्यांनी किसणी हातात घेतली.

"आल्यापासून?"

"आल्यापासून," ते म्हणाले.

मला वाटलं होतं मी ओरडेन. नाही ओरडले. मी त्यांच्यासमोर फरशीवर बसले, काहिलीपाशी बसायचे तशी.

"पाटणच्या लग्नात भट्टी सोडून निघाला होता तुम्ही."

"आठवतंय."

"मग?"

"चाळीस वर्षं डालड्याला तूप म्हटलं नाही मी." त्यांचा हात किसणीवरच होता. "तुझ्या ताटात रोज खोटं वाढलं. रोज पदर पसरून देवाची माफी मागायला मी काय बाई नाही, पण मागितली. तू घास घ्यायचीस, डोळे मिटायचीस, म्हणायचीस, आप्पा, काय चव आहे. मी पाठ करून किसणी धूत बसायचो."

"पण का?"

"तुला नाही म्हटलं असतं तर तू ऐकलं असतंस? तुझ्या हट्टापुढं कुणाचं चाललंय? म्हटलं, तुझं वजनच नाही उतरलं तर डॉक्टरच नाही म्हणतील. तुझ्या माथी दोष नाही, माझ्या माथी कर्ज नाही. तीन महिने निघून जातील."

"आणि तुम्ही?"

"मी काय! पासष्टला आलो. पंगत उठायची वेळ झाली." ते थांबले. "आपल्यात लेकीचं घेत नाहीत, वैजू. लुगडं घेत नाहीत, अन्न घेत नाहीत. आणि मी तिचं काळीज कापून घेऊ?"

"काळीज नाही, आप्पा, यकृत. आणि सगळं नाही. किती वेळा सांगितलं तुम्हाला. विरजणासारखं असतं ते. शेजारणीला चमचाभर दिलं म्हणून आपलं दही संपतं का? भांड्यात राहतं त्याच्यावर पुन्हा लागतं."

"दह्याला लेकरू नसतं," आप्पा म्हणाले.

बोटाला चिकटलेलं शीत मी खरवडून काढलं.

"तुझी आईपण दोन दिवसांत येते म्हणून गेली होती. तुला काय आठवत असेल नसेल. मला तिच्या पिशवीची गाठसुद्धा आठवते. बिनआईची पोर वाढवायला काय लागतं ते मी बघितलंय. तुझ्या वेण्या घालता येत नव्हत्या मला. शाळेत बाई हसायच्या. रेवाच्या वाट्याला ते मी आणू? स्वतःच्या चार वर्षांसाठी?"

गच्चीवरून रेवाचं ओरडणं ऐकू येत होतं. चिमण्यांना ती हाका मारत होती.

"वेण्या वाकड्या असायच्या," मी म्हटलं. "पण असायच्या. रोज. ज्यानं घातल्या तो माणूस होता म्हणून मी वाढले, आप्पा. बिनआईची वाढले, बिनबापाची नाही. मला अजून सवय नाही त्याची, आणि मी करून घेणार नाही."

त्यांनी मान खाली घातली.

"आणि ते लेकीचं घ्यायचं नाही म्हणता. रेवाच्या बारशाला पाणी कुणाच्या घरचं प्यायलात?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं? तुमचाच नियम आहे. मूल होईपर्यंत नाही. झाल्यावर चालतं. मला मूल झालंय. सगळ्या भावकीसमोर तांब्या रिकामा केलात. मग आता कुठला नियम काढताय?"

आप्पांच्या ओठांचा कोपरा हलला. हसू होतं की काय, सांगता येत नाही.

"आणखी एक ऐका," मी म्हटलं. हे सांगणं मला सगळ्यांत जड गेलं. "मी आचाऱ्याची लेक आहे. काहिलीतला मसाला वासावर ओळखते. मला कणी कळली नसेल, आप्पा? पहिल्याच घासाला कळली असेल. पण पाच आठवडे भुकेली होते. जिभेनं मला सांगितलं नाही आणि मी तिला विचारलं नाही. चोर तुम्ही एकटे नव्हता."

आप्पांनी किसणी खाली ठेवली.

"मग आता मला कोरेगावला सोडून या," ते म्हणाले.

"का? उद्या माझा फ्लॉवर कोण किसणार?"

"माझ्या हातचं खाशील?"

"तुमच्याच हातचं खाईन. दुसऱ्या कुणाच्या हातचं खाऊन मला चार किलो उतरवायचे नाहीत. तिथं तुम्हालाही विचारतात, आप्पा, तुमची इच्छा आहे का म्हणून. तुम्ही नाही म्हणालात तर माझं शून्य वजन झालं तरी उपयोग नाही. आठवडे चार आहेत. तुम्ही तुमचं ठरवा, मी माझं करते."

ते हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी गडावरून आले, आंघोळ करून मशीनवर बसले, तर आप्पा स्वयंपाकघरातून स्टूल ओढत बाहेर आले. एका हातात परात, काखेत फ्लॉवर, तोंडात किसणीची कडी. माझ्या मशीनशेजारी स्टूल लावलं, परात मांडीवर घेतली आणि माझ्या डोळ्यांसमोर फ्लॉवर किसायला बसले. दोन बायका मापं द्यायला आल्या होत्या, त्या बघतच राहिल्या. किसून झाल्यावर परात माझ्यापुढं धरली. मी बोटानं चाचपली. तेव्हा उठले. त्यानंतर रोज असंच. एक दिवस मी न बघता "ठीक आहे" म्हटलं तर तिथंच उभे राहिले. "बघ आधी."

त्या फ्लॉवरला फ्लॉवरचीच चव होती. पहिले चार दिवस मी तो पाण्याबरोबर गिळला.

भिंतीवरचं कॅलेंडर मी काढून टाकलं. जगदाळे बाईंना एवढंच सांगितलं, की चोर सापडला. "कोण?" "घरचेच होते. दोघं." त्यांनी पुढं विचारलं नाही. शिट्टी वाजवली. गड दोनदा चढत होतेच, आता दुसऱ्यांदा धावत. बहात्तर दोनशे. एकाहत्तर तीनशे. होळी आली. सगळ्या आळीत पुरणाचा वास. आप्पांनी नैवेद्यापुरती एकच पोळी लाटली, देवापुढं ठेवली, मग रेवाला भरवली. तवा धुऊन पालथा घातला आणि माझ्यासाठी पालक निवडायला बसले. मी त्या दिवशी गड तिसऱ्यांदा चढले. घरात त्या वासात बसवेना, हे खरं कारण.

पुण्याला निघायच्या पहाटे बाई काटा घेऊन आमच्या दारात आल्या. सत्तर सहाशे.

"सहाशे राहिले," माझा आवाज चिरकला.

"सहाशे म्हणजे तुझ्या बांगड्या आणि माझी शिट्टी," बाई म्हणाल्या. "जा आता."

पुढचं ऑपरेशन, ते अकरा तास, माझ्या पोटावरची कोयत्याच्या आकाराची खूण, आप्पांचे अतिदक्षतेतले सतरा दिवस, ते सगळं आता सहा वर्षांमागं गेलं. ते मी कधीतरी सांगेन किंवा नाही सांगणार. रेवा आता नऊ वर्षांची होईल, तिच्या वेण्या आजोबा घालतात आणि त्या अजूनही वाकड्याच असतात. पण माझ्या मनात ते सगळं ज्या जागी ठरलं, ती जागा ऑपरेशनची खोली नाही. ती म्हणजे त्या दिवशी तपासणीच्या खोलीबाहेरच्या बोळातला लोखंडी बाक.

डॉक्टरबाईंनी पडद्यावरचं चित्र दोनदा बघितलं होतं. "वजन थोडं राहिलंय," त्या म्हणाल्या, "पण मला वजन नको होतं, यकृत हवं होतं. ते स्वच्छ झालंय. आता तुमच्या वडिलांशी बोलावं लागेल. मागच्या वेळी ते काहीच बोलले नव्हते."

मी बाहेर आले. आप्पा बाकावर बसले होते. गुडघ्यांवर हात, सुजलेली पावलं चपलेतून बाहेर काढलेली. पाकाकडं नुसतं बघून एकतारी की दोनतारी ते सांगणारा माणूस. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडं तसं बघितलं आणि काही विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही. शेजारी बसले. समोरून एक नर्स ढकलगाडी घेऊन गेली.

मग आप्पा खाकरले.

"वैजू."

"हं?"

"तहान लागलीय गं. पाणी दे मला."

मी पिशवीत हात घातला. बाटली समोरच होती तरी सापडेना. झाकण उघडताना थोडं पाणी माझ्या मांडीवर सांडलं. त्यांनी बाटली दोन्ही हातांनी घेतली, मान वर केली आणि प्यायले. सावकाश, घोटाघोटानं. माझ्या लग्नाला सात वर्षं होत आली होती. तेवढ्या काळात त्यांनी माझ्याकडं मागितलेली ती पहिली गोष्ट.

निम्मी झाल्यावर ते थांबले. बाटली उजेडाकडं धरून आत बघितलं.

"तुला उरलं का गं?"

"उरलं, आप्पा," मी म्हटलं. "भरपूर उरलं."